मेणातला तुकडा

‘कॅन्सरवर मात’ अशा धाटणीची पुस्तकं मला आजारपणात चार-पाच जणांनी आणून दिली. सगळ्यांच्या शेवटच्या पानावर लेखक एकतर टेकडी चढत असतो, नाहीतर नातवाला खेळवत असतो. माझं तसं काही झालेलं नाही. माझी औषधं चालू आहेत, आणि ती कधी बंद झाली तर मी बरी झाले म्हणून होणार नाहीत, हे मला माहीत आहे. ज्यांना टेकडीच चढायची आहे त्यांनी दुसरं पुस्तक बघावं, मी रागावणार नाही.

मी लिहायला बसले ती दवाखान्याच्या बाकड्यावर भेटलेल्या एका बाईमुळं. तिच्या नवऱ्याची किडनी काढली होती आणि डॉक्टरांनी गाठीच्या जीनची तपासणी सांगितली होती. “ताई, असतं काय ते? करावं का नाय?” तिनं विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि आतून माझ्या नावाचा पुकारा झाला. बाहेर आले तोवर ती गेली होती. हे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. लांबलंय, पण ‘किती वाजले’ याचंही उत्तर मी लांबवते असं घरात म्हणतात.

माझं नाव छाया. वाळूजला कामगारांची खानावळ चालवते. परभणी, हिंगोली, बीडपासून थेट बिहारपर्यंतची पोरं माझ्याकडं जेवतात. भाकरी मी स्वतः थापते, आमटी येसर मसाल्याची. माझे मालक दिगंबर एका कारखान्यात प्रेस शॉपला आहेत. मोठ्या यंत्राखाली पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे, हे काम. लग्नाच्या आधीच त्या यंत्रानं यांच्या डाव्या करंगळीचं पेर नेलं. माणूस अबोल. मी तिखट. जगाची चूक मी विसरते, यांची विसरत नाही. लग्नाला येताना यांच्याकडचे लोक मंगळसूत्र जीपमध्ये विसरले होते, ते मी अजून ऐकवते. एकुलती मुलगी अश्विनी पुण्याला नोकरी करते.

बिटाची कोशिंबीर

पहिल्यांदा लघवी लाल झाली त्या दिवशी खानावळीत बिटाची कोशिंबीर होती. मी हसले आणि कामाला लागले. दुखत नव्हतं, ताप नव्हता. दुखलं नाही म्हणजे काही नाही, असं आपल्याकडं सगळेच समजतात. मीही समजले.

पुढं दोन-अडीच महिन्यांनी परत तसंच झालं, आणि त्या आठवड्यात बीट आणलेलंच नव्हतं. तरीही मी चार दिवस गप्प बसले. का, ते विचारू नका. भीती वाटली की माणूस काम काढतो. मी सगळे डबे घासले, पिठाची पिंपं उन्हात टाकली.

सोनोग्राफीवाले डॉक्टर बोलके होते. खानावळीत काय काय करता, ठेचा कसा करता, असं विचारत पोटावरून यंत्र फिरवत होते. डाव्या कुशीला आले आणि बोलणं बंद झालं. परत परत तिथंच फिरवत राहिले. ठेच्याचं माझं अर्धं वाक्य तसंच राहिलं. मला तिथंच कळलं, रिपोर्ट नंतर आला.

सर्जनच्या खोलीत गेलो तर ते यांना म्हणाले, “पेशंटला जरा बाहेर बसवा.” मी म्हटलं, “किडनी माझी आहे, बाहेर बसायचं तर हे बसतील.” हे खरंच उठायला लागले. मी हात धरून खाली बसवलं. गाठ मोठी होती, किडनीसकट काढायची होती. मी विचारलं, “एका किडनीवर भाकऱ्या होतील का?” सर्जन म्हणाले, होतील. तेवढं एक खरं निघालं.

घरी आलो तेव्हा डब्यांची वेळ झाली होती. त्या संध्याकाळी मी नेहमीइतक्याच भाकऱ्या थापल्या. शेवटच्या चार जळाल्या. त्या आम्ही दोघांनी खाल्ल्या.

रिक्षा

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, यांना सगळं आठवतं. काढलेली किडनी ट्रेमध्ये बाहेर आणून नातेवाइकांना दाखवतात. मग ती औषधाच्या पाण्यात, झाकणाच्या डब्यात घालून लॅबला न्यायला नातेवाइकाच्याच हातात देतात. यांनी मोटारसायकल दवाखान्यापाशी ठेवली आणि रिक्षा केली. डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून लॅबपर्यंत गेले. इतक्या वर्षांत मला कधी रिक्षानं नेलं नाही, किडनीला मात्र नेलं, असं मी पुढं खूप दिवस चिडवत होते. तेव्हा चिडवता येत होतं.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला. अश्विनीनं हट्ट धरला की पुण्याच्या डॉक्टरांनाही दाखवू. त्यासाठी लॅबनं काचेच्या पट्ट्या दिल्या आणि एका लिफाफ्यात मेणाचे ठोकळे. त्यांना ब्लॉक म्हणतात. काड्यापेटीहून लहान, प्लास्टिकच्या जाळीवर बसवलेले, आणि मेणात माझ्या गाठीचे तुकडे. पांढुरके, शिळ्या खोबऱ्यासारखे. मी एकदाच पाहिले आणि लिफाफा बंद केला.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आत्ता औषध नको, ठरावीक दिवसांनी स्कॅन करत राहा. काचा-ब्लॉक आमच्याकडं परत आले. लॅबवाले म्हणाले, तुमच्याकडंच राहू द्या, जपून ठेवा. यांनी लिफाफा कपाटात माझ्या लग्नातल्या शालूमागं ठेवला.

वर्षभरानं स्कॅन स्वच्छ आला. मी सगळ्या खानावळीला पुरणपोळी घातली. त्याच्या पुढच्या रविवारी हे म्हणाले, “पैठणला जाऊन येतो.” मी म्हटलं जा. चितेगावहून पुढं रस्ता चांगला झालाय, गाडी सावकाश चालवा. संध्याकाळी आले ते प्रसादाचं खोबरं घेऊन. मी खाल्लं.

अंदाज

पुढच्या हिवाळ्यात खोकला सुरू झाला. मिरचीच्या फोडणीचा म्हणून मी तो दीड महिना अंगावर काढला. (बघा, बिटानं मी काही शिकले नव्हते.) स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत ठिपके निघाले. किडनीचाच आजार तिकडं गेला होता.

आता नवा दवाखाना आणि नव्या डॉक्टर. वयानं अश्विनीपेक्षा थोड्याच मोठ्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. त्यांची एक गोष्ट मला पहिल्या दिवशी आवडली. त्या माझ्याकडं बघून बोलत होत्या, यांच्याकडं बघून नाही.

त्यांनी लगेच गोळी सुरू केली आणि म्हणाल्या, गोळीच्या जोडीला एक इंजेक्शनही देता येतं, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही आणि कधीकधी अंगावर उलटतं. तुमच्या गाठीच्या जीनमध्ये कुठले बिघाड आहेत ते पाहिलं तर ठरवायला मदत होईल.

मी पहिल्यांदा विचारलं, “म्हणजे माझ्या पोरीला होणार का?”

“ती तपासणी वेगळी, रक्ताची. तीही करू,” त्या म्हणाल्या. ती पुढं केली आणि त्यात काही निघालं नाही. सगळ्या आजारपणात देवानं माझ्या ओंजळीत टाकलेली आणि पुढंही टिकलेली ही एकच चांगली बातमी.

गाठीच्या तपासणीचं त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. जोंधळ्याची दोन पोती शेजारी ठेवली तर सारखीच दिसतात. एकाचं पीठ हाताला धरून राहतं, भाकरी कागदासारखी पातळ होते. दुसऱ्याचं थापताना फाटतं. वरून कळत नाही, मळून बघावं लागतं. गाठीचंही तसंच. नाव एकच, पण कुणाची वर्षानुवर्षं संथ पडून राहते, कुणाची धावत सुटते. काही ठरावीक जीन बिघडलेले सापडले तर ती कशी वागेल आणि कुठल्या औषधाला दाद देईल, याचा अंदाज बांधता येतो.

“अंदाजच बरं का,” मॅडम म्हणाल्या. “हे शास्त्र अजून चाललंय. कधी उत्तर मिळतं, कधी मिळत नाही.”

मी म्हटलं, “रोज किती भाकऱ्या लागतील त्याचा अंदाज बांधूनच मी जगते. चालेल.”

“मग मागच्या ऑपरेशनचे ब्लॉक घेऊन या,” त्या म्हणाल्या. “त्यातूनच तपासता येईल. नवीन काही कापायला नको.”

हे माझ्या शेजारी बसले होते. काही बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत, म्हणून मला काही वाटलं नाही.

शोधाशोध

शालूमागं लिफाफा नव्हता. आम्ही दोघांनी कपाट रिकामं केलं. मग दिवाण, मग माळा. हे माझ्याबरोबर शोधत होते. माळ्यावर चढून एकेक खोकं खाली देत होते, मी उघडून बघत होते. अश्विनी पुण्याहून इथल्या आणि तिथल्या अशा दोन्ही लॅबना फोन करत होती. दोघांचंही म्हणणं, आम्ही परत दिलेत, पोचपावती आहे. मी खानावळीत कामाला येणाऱ्या शकीलाआपाला विचारलं, रद्दीत तर गेलं नाही? ती म्हणाली, “बाजी, तुम्हारे कपाट को मैं काय को हात लगाऊं?” आणि दिवसभर फुगून बसली. तिच्यावर संशय घेतला याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत माळ्याला शिडी लावली तेव्हा हे म्हणाले, “छाया, उतर खाली. उगी शोधू नको. ते नाय घरात.”

“मग कुठंय?”

“पैठणला.”

“पैठणला कुणाकडं?”

“कुणाकडं नाय. गंगेत सोडलं.”

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मी शिडीवरच उभी राहिले.

“स्कॅन चांगला आला ना तवा,” हे खाली बघत बोलत होते. “म्हटलं, आता ते घरात कशाला ठिवायचं. तुटलेलं अंग घरात राहिलं की माणसाला मागं वढतं म्हणतात. माझं बोट गेलं तवा आमच्या वडलांनी ते पैठणलाच सोडलं व्हतं. मशीननं पुन्हा मला कधी धरलं नाय. इतकी वरसं झाली, तिथंच उभा राहतो, नाय धरलं. म्हटलं तुलाबी नाय धरायचं. नारळ वाहिला, हळदकुंकू वाहिलं...”

“हळदकुंकू?” मी ओरडले. “जित्या बाईचं पिंडदान करून आलात व्हय?”

“तसं नव्हं गं...”

“आणि काल दिवसभर माळ्यावर काय करत होता माझ्यासंगं?”

त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. मी शिडीवरून उतरले आणि हाताला लागली ती परात भिंतीवर फेकली. तिला पोचा आला, तो अजून आहे, भाकरी थापताना डाव्या हाताला लागतो.

ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना एवढंच सांगते. लॅबमधून मेणाचे ठोकळे परत मिळाले तर ते दागिन्यांहून जपा. बरं वाटलं, वर्षं उलटली, तरी जपा. तो कचरा नाही आणि अस्थीही नाहीत. आणि घरातल्या प्रत्येकाला ते कशासाठी ठेवलेत ते नीट समजावून सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही यांना सांगितलं नव्हतं. पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी फक्त बोलत होते. भाजीत मीठ कमी म्हटलं की, “गंगेला विचारा.” चष्मा सापडेना की, “नारळ वाहून या, सापडेल.” अश्विनीही फोनवर बापाला वाट्टेल तसं बोलली. हे फोन कानाला लावून नुसतं “व्हय... व्हय गं” म्हणत होते.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “फुप्फुसातून सुईनं नवा तुकडा घ्यावा लागेल. आणि त्याआधी काही दिवस गोळी थांबवावी लागेल, नाहीतर रक्त थांबत नाही.”

तळहात

गोळी थांबायच्या आधी तिनं तिचं काम दाखवलं होतं. तळहात आणि तळपाय लाल झाले, मग सालं निघायला लागली. गरम पाण्यात पीठ मळलं की हात पेटायचे. एके दिवशी भाकरी थापताना पिठावर गुलाबी डाग दिसला. मी ती भाकरी बाजूला काढली आणि उठले. वयाच्या अकराव्या वर्षापासून मी भाकरी थापतेय. त्या दिवशी पहिल्यांदा परात शकीलाआपापुढं सरकवली.

जिभेची चव गेली ते मला कळलंच नाही. सगळं पत्र्यासारखं लागायचं, म्हणून मी आमटीत मीठ घालत राहिले. पोरं गपचूप खात होती. एरवी ही पोरं कोथिंबीर कमी पडली तर आवाज टाकतात. आता पाणी पिऊन पिऊन जेवत होती आणि “काकू, मस्त झालंय” म्हणत होती. त्यांच्या डोळ्यांत माझी दया दिसली की मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं.

शेवटी शकीलाआपाच म्हणाली, “बाजी, बुरा मत मानो, तुम्हारी आमटी खारा समंदर हो गई. आज से चखना मेरा काम.” मला इतकं बरं वाटलं की मी तिला मिठी मारली. आजारी माणसाशी कुणी सरळ बोलत नाही हो. सगळे गोड बोलून बोलून तुम्हाला आधीच वेगळं काढतात.

बुडबुडे

सुईनं तुकडा घेणं पाच मिनिटांचं काम असतं, घरी जाल संध्याकाळी, असं सांगितलं होतं. बऱ्याच जणांचं तसंच होतंही. माझ्या फुप्फुसाला छिद्र पडलं. श्वास आत जायचा, पण पुरायचा नाही. छातीत नळी घातली, ती खाली पाण्याच्या बाटलीत सोडली. श्वास सोडला की पाण्यात बुडबुडे यायचे. बुडबुडे थांबले की फुप्फुस भरून आलं, असं नर्सनं सांगितलं. ते थांबेनात. वर नळीच्या जागी पू झाला.

दवाखान्यात दिवस कसा जातो ते आजारी पडलेल्यांना सांगायला नको. पहाटे लाद्या पुसणाऱ्या मावशी, मग रक्त काढणारा, मग चहा, मग वाट बघणं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दिवसभर तिच्या मेलेल्या म्हशीशी बोलायची. एके सकाळी तिच्या खाटेवर नवी चादर दिसली. मावशींनी माझ्या डोक्याला तेल लावून दिलं, न सांगता. गोळीनं पांढरे झालेले केस त्यांनी असे विंचरले, जणू ते पहिल्यापासूनच पांढरे होते.

हे कंपनीतून रजा काढून खाटेशेजारी बसून असायचे. बाटलीकडं बघत. मी बोलत नव्हते. गोळी बंद होती आणि आत काय चाललं असेल ते दोघांनाही माहीत होतं. एकदा त्यांना वाटलं मी झोपलेय. वाकून बाटलीजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, “थांब की बाबा आता.” बुडबुड्यांना. मला हसू आलं आणि रडूही आलं. नळीमुळं दोन्ही करता येत नव्हतं.

मी तेव्हाच डोळे उघडून काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले नाही. मला त्यांना शिक्षा करायची होती. मरणाला काही करता येत नाही, मग जवळच्या माणसाला करतो आपण.

नळी निघाली, जखम भरायला वेळ लागला, आणि मॅडम गोळी परत सुरू करेनात. तोवर तुकडा तपासणीला गेला होता. रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. त्या काळात माझ्या पाठीत दुखायला लागलं. मी ते खाटेवर पडून राहिल्यामुळं आहे म्हणाले. मनातून मात्र तसं वाटत नव्हतं.

रिपोर्ट

रिपोर्टच्या दिवशी नवा स्कॅनही झाला होता. त्याची सीडी आणायला हे खालच्या मजल्यावर गेले आणि तेवढ्यात माझा नंबर लागला. मॅडम म्हणाल्या, “मिस्टरांना येऊ द्यायचं का?” मी म्हटलं, “नको. आधी मला सांगा. आणि सरळ सांगा.”

त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. इंग्रजी अक्षरांची दोन नावं ठळक छापली होती. त्यातला एक जीन पेशींना आवर घालणारा. तो माझ्या गाठीत पार मोडलेला होता. असा बिघाड असला की आजार बहुतेक धावत्या जातीचा असतो, नुसती गोळी त्याला फार दिवस धरून ठेवत नाही. इंजेक्शन जोडायलाच हवं. ते लागू पडेल का, याचं पक्कं उत्तर या कागदातही नव्हतं.

“आणि स्कॅन?” मी विचारलं.

“यकृतात आलंय. पाठीच्या मणक्यातही.”

“हे गोळी बंद होती तेव्हा आलं?”

“बहुतेक.”

मी मग तो प्रश्न विचारला, जो विचारता यावा म्हणून मी यांची वाट पाहिली नव्हती. “मॅडम, ते जुने ब्लॉक असते तर?”

त्यांनी टाळलं नाही. “असते तर गोळी थांबवावी लागली नसती. छातीचं ते सगळं झालं नसतं. इंजेक्शन केव्हाच सुरू झालं असतं. आजार बरा झाला असता असं मी म्हणणार नाही. पण वेळ मिळाला असता.”

“किती?”

त्यांनी सांगितलं. मग आत्ता हातात किती असेल, तेही मी विचारलं. अंदाजच, म्हणाल्या. तोही सांगितला. दोन्ही आकडे मी इथं लिहीत नाही. ते माझे आहेत, तुमचे वेगळे असतील. त्या बाकड्यावरच्या बाईला मात्र मी सांगेन की तपासणी कर. नुसतं वाईटच ऐकायला मिळालं तरी कर. अंधारात चाचपडण्यापेक्षा भिंत कुठं आहे ते कळलेलं बरं. मला तरी बरं वाटलं. सगळ्यांना वाटेल असं नाही.

बाहेर आले तर हे जिन्यापाशी उभे होते. काखेत सीडीचं पाकीट, दोन्ही हातांत चहाचे कागदी कप.

“काय म्हणल्या?”

“इंजेक्शन जोडायचं म्हणल्या. सोमवारपासून.”

“बरं,” ते म्हणाले. कप मला दिला नाही, स्वतःही प्याले नाहीत. लोक आमच्या बाजूनं वर-खाली करत होते. मग त्यांनी विचारलं, “छाया, मी ते सोडून आलो म्हणून उशीर झाला का? खरं सांग. मॅडमला इचारलं आसंल तू.”

या प्रश्नाचं उत्तर गेले कित्येक आठवडे मी त्यांना न विचारता देत आले होते. भाजीवर दिलं, चष्म्यावर दिलं, पोरीच्या तोंडून देवविलं. आता तर माझ्याकडं डॉक्टरांची साक्ष होती. मी त्यांच्याकडं पाहिलं. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात घातलं होतं. दाढी वाढली होती, तीही पांढरी. माझ्यानंतर हा माणूस त्या घरात एकटा जेवायला बसणार आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

“नाय हो,” मी म्हटलं. “इचारलं मी. त्यानं काय बी फरक पडला नसता म्हणल्या. तुमचा काय संबंध नाय त्यात. मनाला लावून घेऊ नका.”

मला वाटलं त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ते माझ्याकडं बघतच राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना कशातूनही असं सहज सोडलेलं नव्हतं, आणि हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

त्यांनी दोन्ही कप पायरीवर ठेवले. कठडा धरून हळूच खाली बसले.

“किती दिवस म्हणल्या?” त्यांनी विचारलं.